एकही खाडा नाही

कुंडल, २३ जून २०२४

आक्का,

नमस्कार. औषधांचा रिकामा डबा तासगाव गाडीच्या कंडक्टरकडे परत देतेय. तळाला हा कागद बघून दचकू नका, तुमचा भाऊ बरा आहे. फोनवर हे बोलता येत नाही. ते सोप्यात, मी स्वयंपाकघरात, मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन. मी चहात साखर किती घातली हेही त्यांना चमच्याच्या आवाजावरून कळतं, मग हे कसं सांगणार?

अंकीची नववी पंधरा तारखेला सुरू झाली. मी हळूच म्हटलं, हे वर्ष घरीच अभ्यास करू दे, परीक्षेला बसवू. तर म्हणाले, "पोरीची शाळा माज्यामुळं बुडली, तर त्या दिसापासनं मी गोळ्या घेनार न्हाई. सांगून ठिवतो." अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. असं बोलला की करतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि मार्च मी विसरू शकत नाही. तुमची किडनी बसवून दोन महिने झाले होते. अंकी शाळेतून साधी सर्दी घेऊन आली, तिसऱ्या दिवशी ह्यांना ताप, आणि सतरा दिवस सांगलीच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तेव्हा मला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी अजून कुणाला बोललेली नाही. तुम्हालाही नाही सांगत.

म्हणून मी मधला रस्ता काढला. अंकी रोज साडेदहाला गणवेश घालून त्यांच्या खिडकीसमोरून जाते. "पप्पा, जाते." ते हात वर करतात. पुढं ती शाळेकडं वळत नाही, मळ्यात जाते. तिथं आपली राखणीची हरणाबाई राहते, तिच्या खोलीत बसून पुस्तकं वाचते आणि साडेपाचला परत येते. मग ते खिडकीतून विचारतात, "आज काय शिकीवलं?" पुस्तकातलंच काहीतरी सांग, असं मी तिला पढवून ठेवलंय.

नवऱ्याशी खोटं बोलतेय आणि लेकीलाही बोलायला लावतेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.

राजेश्वरी


सातारा, २ जुलै २०२४

राजेश्वरी,

गोळ्या मोजून घे. या वेळी दोन नंबरच्या गोळीचं पाकीट निळं आहे, औषध तेच आहे.

तुझं पत्र ऑफिसात बसून दोनदा वाचलं. तुला वेड लागलंय का? जूनच्या तपासणीला मी तुमच्या सोबत होते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते की मुलीला शाळेत पाठवा, मास्क लावू द्या, आल्यावर अंघोळ, वर्गात कुणी आजारी पडलं तर तेवढे दिवस घरी. तू त्यातलं फक्त "आजारी" ऐकलंस. चौदा वर्षांची पोरगी दिवसभर मळ्यात एका म्हातारीजवळ बसते, हे आईला शोभतं का?

मी शाळेत क्लार्क आहे, बावीस वर्षं हजेरीपट तपासतेय. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर पुढं अडचण येते. तुझ्या शाळेतून अजून कुणी विचारलं कसं नाही?

मी जयराजला काही सांगणार नाही. पण हे पटलंय असं समजू नकोस. तिला माझ्याकडं पाठवायचा विचार तुझ्या मनात येण्याआधीच सांगते, आमच्या दोन खोल्यांत जागा नाही.

आक्का


कुंडल, २१ जुलै २०२४

आक्का,

मी तुमच्याकडं जागा मागितली नव्हती.

डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलं. "वर्गात कुणी आजारी पडलं तर" म्हणाले. पण आजारी पडलेलं पोर त्याआधी दोन दिवस वर्गात बसून गेलेलं असतं, त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलं का? तुम्ही महिन्यातून एकदा येता, तपासणीचे कागद बघता. मी त्यांचा श्वास ऐकत जगते. ते एकदा खोकले तर माझ्या हातातली लाटी तशीच राहते. आज सातवा महिना चाललाय. मी कुणाच्या हळदीला गेले नाही, कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "करोना गेला की गं, तुमीच का धरून ठिवलाय?" मी हसले. दुसरं काय करू?

किडनी तुम्ही दिलीत. तुमचे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत. पण ती सांभाळायला मला दिलीय ना? मग मला सांभाळू द्या माझ्या पद्धतीनं.

राग आला तरी एक गंमत सांगते. अंकी इतकं बेमालूम खोटं बोलायला कुठं शिकली, कळत नाही. मी सांगितलं होतं, धड्यातल्या दोन ओळी सांग. ही खिडकीपाशी, चार हात लांब उभी राहून सगळी शाळा उभी करते. गणिताच्या सरांचा चष्मा फुटला, मग त्यांनी फळ्यावर पाचाचं सहा केलं. स्वप्नालीनं वहीत मेंदीची पानं ठेवली म्हणून बाईंनी तिला उभं केलं. तास चालू असताना छपरावर माकड आलं. हे इतके हसतात की मला पाणी घेऊन जावं लागतं. काल म्हणाले, "सर चष्म्याबिगर कसं शिकिवत्यात गं आता?" तर ही म्हणते, "दोऱ्यानं बांदलाय, पप्पा."

मी आत तोंडात पदर धरून उभी. हसू की रडू? दिवसातला तेवढा अर्धा तास तुमचा भाऊ पहिल्यासारखा दिसतो. तो अर्धा तासही मीच खोटा पाडू का?

राजेश्वरी


सातारा, ४ ऑगस्ट २०२४

राजेश्वरी,

तू रागावलीस ते बरं झालं. मलाही खरं बोलता येईल.

जागेचं कारण खोटं होतं. अंकी झोपेल एवढी जागा आमच्याकडं आहे. मी किडनी द्यायची ठरवली तेव्हा आमच्या ह्यांनी सही केली, पण मनानं नाही. तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. जिना चढताना मी दम खायला थांबले की काही न बोलता पुढं निघून जातात. त्या माणसाला आता "भावाची मुलगीही आणते" असं म्हणायची माझी छाती नाही. ऑपरेशनला घाबरले नव्हते, याला घाबरते.

म्हणून तुला वेडी म्हणणं मी मागं घेते. तू घरात कोंडलेली आहेस, तशी मीही आहे.

एक मात्र कर. मुख्याध्यापकांना भेट, खरं काय ते सांग. लोक वाईट नसतात. एक अर्ज दिलास तर पोरीचं वर्ष वाचेल.

आक्का


कुंडल, १८ ऑगस्ट २०२४

आक्का,

मी भेटायला जाणारच होते. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

पंधरा ऑगस्टला हे सकाळी सहालाच उठून बसले. "झेंड्याला अंकीनं जायाचंच. फौजीची पोर हाय." उघडं मैदान, तासाभराचा कार्यक्रम, म्हणून मीही पाठवली. मास्क लावून, शेवटच्या रांगेत उभं राहायचं सांगून. शाळेचा स्पीकर आमच्या सोप्यात स्वच्छ ऐकू येतो. हे खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. राष्ट्रगीताला उभे राहिले, मीही चुलीपाशी उभी राहिले.

मग बक्षिसं सुरू झाली. आणि स्पीकरवरून आवाज आला, "जून आणि जुलै महिन्यात एकही खाडा नाही, इयत्ता नववी, कुमारी अंकिता जयराज..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. 

हे ओरडले, "ऐकलंस का? एक खाडा न्हाई! आगं, एक खाडा न्हाई!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मास्क ओला झाला म्हणून मी दुसरा दिला. मीही हसत होते, आक्का.

उघडच आहे. वर्गशिक्षिकांना ह्यांच्या दुखण्याची माहिती आहे. दया येऊन त्यांनी रोजची हजेरी लावली असणार, आणि बक्षिसाची यादी करताना ते कुणाच्या लक्षात आलं नसणार. अख्ख्या वर्गासमोर पोरगी खोट्या हजेरीचं बक्षीस घेऊन आली. कंपासपेटी आहे. तिनं ती ह्यांना खिडकीतून दाखवली आणि कपाटात ठेवून दिली. माझ्याकडं बघितलंही नाही. मी विचारलं, "कुणी काय म्हटलं का गं तुला?" तर म्हणे, "कोन काय म्हननार?" आणि भांडी घासायला बसली. इतकी लाज वाटली असेल तिला. तिला असल्या प्रसंगात मीच ढकललं.

राजेश्वरी


सातारा, २६ ऑगस्ट २०२४

राजेश्वरी,

लाजू नकोस. आजारी घरच्या मुलांना अशी सवलत मिळालेली मी पाहिली आहे. कुणी तोंडानं कबूल करत नाही एवढंच. हजेरीपटावर आहे ते खरं, असं धरून गप्प बस. बाईंना संक्रांतीला तीळगूळ दे आणि त्याविषयी अवाक्षर काढू नकोस.

गोळ्या गुरुवारच्या गाडीनं पाठवते.

आक्का


कुंडल, ३ सप्टेंबर २०२४

मम्मी,

ही चिठ्ठी हरणाआज्जीकडं ठेवून चाललेय. मी आज घरी येणार नाही. दोनच्या गाडीनं साताऱ्याला आत्याकडं जाते. ओरडू नकोस, आधी सगळं वाच.

माझ्या बाकावरच्या स्वप्नालीला कांजिण्या आल्यात. शनिवारी तिच्या मानेवर दोन फोड होते, तिला वाटलं किडा चावला. आज बाईंनी वर्गात सांगितलं. मी लगेच उठून बाहेर आले.

म्हणजे मी शाळेत जात होते. पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी मळ्यात गेले, पाणी प्यायले, आणि तिथं काय करायचं ते कळेना म्हणून शाळेत गेले. दहा मिनिटं उशीर झाला. हजेरी कुणी खोटी लावलेली नाही. सरांचा चष्मा खरंच फुटला होता. माकडही आलं होतं.

मी सगळं सांभाळून केलं. मास्क काढला नाही. डबा वर्गाबाहेर एकटीनं खाल्ला. वर्गात मला डॉक्टर म्हणतात. पाच वाजता हरणाआज्जी पाणी तापवून ठेवायची, मी डोक्यावरून अंघोळ करून दुसरा गणवेश घालून घरी यायचे. मळ्यात कपडे मळतात म्हणून तू शिवला होतास तो.

मार्चमध्ये पप्पांना माझ्यामुळं झालं, हे मला माहीत आहे. तुम्ही कुणी बोलला नाहीत, पण मला कळतं. तरी मी गेले. पप्पांसाठी गेले असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण मला जायचं होतं म्हणून गेले.

शनिवारपासून मी पप्पांच्या कपाला, ताटाला हात लावलेला नाही. नेहमीसारखी खिडकीपासून लांबच होते. डॉक्टरांना हे सगळं सांग. त्यासाठी पप्पांनाही खरं सांगावं लागेल. ते तू सांग, माझ्याकडून होणार नाही.

अंकी


कुंडल, ८ सप्टेंबर २०२४

आक्का,

फोनवर मी नुसती रडले, म्हणून हा कागद.

चिठ्ठी वाचून मी तशीच मळ्यात गेले. हरणाबाईला वाट्टेल ते बोलले. ती म्हातारी बघतच राहिली. "आवं, पोरगी शाळंत जाती ह्ये तुमाला ठावं न्हवतं व्हय? मला वाटलं तुमीच पाटिवताय, म्हनून तर दुसरा गनवेस शिवलाय. शाळंची पोरगी शाळंत न्हाई जानार तर कुटं जानार?" गावात ज्याला त्याला माहीत होतं. मी दारं लावून बसले होते, मला कोण सांगणार?

डॉक्टरांशी बोलले. अंकीला लागण झाली असेल तरी ती तिच्याकडून दुसऱ्याला लागायला अजून आठवडाभर होता, ती वेळेत बाहेर पडली, असं ते म्हणाले. ह्यांचं रक्त तपासायला घेतलंय. तीन आठवडे लक्ष ठेवायचं. "मुलगी हुशार आहे तुमची," असंही म्हणाले. मी फोन ठेवला.

मग ह्यांना सांगितलं. जूनपासूनचं सगळं, पार्टिशनच्या ह्या बाजूला उभी राहून. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे ती रोज सांगत हुती त्ये खरंच घडत हुतं?"

मी व्हय म्हटलं.

"मग खोटं कोन बोललं? तू एकटीच की गं."

आणि हसले. रागावले असते तर चाललं असतं. मी आत येऊन पिठाच्या डब्यावर बसून राहिले. तीन महिने मी दोघांना वाचवतेय असं समजत होते, आणि दोघंही माझ्यापासून स्वतःला वाचवत होते. निदान अंकी तरी. आठ वाजता त्यांनी मला हाक न मारता आपल्या हातानं गोळ्या घेतल्या. आता बोलतात, जेवतात, सगळं करतात. फक्त मला काही विचारत नाहीत.

पोरीला ताप आला तर लगेच कळवा.

राजेश्वरी


सातारा, २४ सप्टेंबर २०२४

राजेश्वरी,

पंधरा तारखेला फोड आले ते तुला फोनवर सांगितलंच होतं. आता खपल्या पडायला लागल्यात. चेहऱ्यावर तीन डाग राहतील असं दिसतं, ती आरशात बघत नाही. मला लहानपणी येऊन गेल्यात, त्यामुळं माझी काळजी करू नकोस. तेव्हा जयराजला महिनाभर शिराळ्याला मामाकडं ठेवलं होतं. परत आला तेव्हा मला "तुमी" म्हणायला लागला होता. चार वर्षांचं पोर. आईनं किती रडून घेतलं होतं तेव्हा, ते मला आत्ता आठवतंय.

आमच्या ह्यांचं सांगते. पहिल्या दिवशी अंकी दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "काका, माज्या अंगात कांजिण्या असतील. तुमाला येऊन गेल्यात का?" हे म्हणाले, "गेल्यात. ये." आठ महिन्यांत एवढ्या मऊ आवाजात मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. रोज अंगाला लावायचं औषध तेच आणतात. काल जेवताना त्यांनीच विचारलं, "हिचं शाळेचं काय करायचं?"

आता मनातलं. मी तिला म्हटलं, बरी झालीस की घरी जा. आता चोरी राहिली नाही, उघड शाळेत जा, मास्क, अंघोळ, सगळं तसंच. तर म्हणाली, "आत्या, तितं गेलं की मी मोजत बसती. शाळंतनं आलं की तीन दिवस पप्पांकडं बघायचं, खोकतात का. तवर पुढचे तीन दिवस सुरू झालेलं असत्यात. मला आता मोजायचं न्हाई." आणि रडली. आल्यापासून पहिल्यांदा रडली.

राजेश्वरी, ती घर सोडायचं म्हणत नाही. पण शाळा हवी आणि बापही हवा, हे एका घरात तिला जमत नाही. तुला तरी कुठं जमलं? मी आमच्या शाळेत बोलले आहे. दाखला आणलास तर दिवाळीआधी नाव घालता येईल. निर्णय तुमचा. जयराजला मी काही म्हणणार नाही.

आक्का


कुंडल, ६ ऑक्टोबर २०२४

आक्का,

ह्यांना तुमचं पत्र वाचायला दिलं. आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दाखला काडून आन." रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय, तीन आठवडेही उलटले. ते ठीक आहेत. मी आनंदानं नाचायला हवं होतं.

काल शाळेत गेले. जानेवारीनंतर पहिल्यांदा चार माणसांत. मुख्याध्यापक उठून उभे राहिले, फौजींची बायको म्हणून. मी हात जोडून सांगून टाकलं, "सर, मला वाटलं हुतं तुमी दयेनं हजेरी लावताय." ते म्हणाले, "बाई, पोरगी येत हुती म्हनून लागत हुती. पावसात सगळा वर्ग मोकळा असायचा तवा ही एकटी बसलेली असायची." माझी पोरगी दोन महिने भर पावसात शाळेत जात होती, आणि मी घरात बसून तिच्यासाठी खोटं रचत होते.

क्लार्कनं दाखला लिहायला घेतला. नाव, जात, जन्मतारीख. प्रगती उत्तम, वर्तणूक चांगली. मग "शाळा सोडण्याचे कारण" असा रकाना आला. मी मनात जुळवाजुळव करत होते, काय सांगायचं, कुठून सुरू करायचं. त्यांनी मान वर न करता लिहून टाकलं, "पालकांच्या विनंतीवरून".

मी म्हटलं, "आमी विनंती केली न्हाई."

"मग काय लिहू?" त्यांनी पेन थांबवलं. चांगला माणूस होता, खरंच थांबला. मागं एक आजोबा नातवाच्या कागदासाठी उभे होते. मी राहू द्या म्हटलं आणि सही केली.

घरी आल्यावर ह्यांनी दाखला मागितला. खिडकीच्या उजेडात धरून मोठ्यानं वाचला, सगळा, नोंदणी क्रमांकापासून. त्या ओळीपाशी थांबले.

"मी कवा केली गं विनंती?"

मी म्हटलं, "दोगांनी मिळून केली."

त्यांनी कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला.

दाखला सोबत पाठवतेय. तुम्हाला सांगायला नको, पण ओला होऊ देऊ नका, जपून ठेवा. तो एकदाच मिळतो.

राजेश्वरी